इंग्रजी ओळीखालची पेन्सिल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नातीच्या इंग्रजीच्या पुस्तकातली पेन्सिल खोडणं. मार्च महिना, संध्याकाळचे पाच-साडेपाच. पंखा बंद ठेवलेला, कारण पंख्याने पानं उडतात. बायको खाली मांडी घालून बसलेली, मी पलंगाच्या कडेला. दोघांत दोन खोडरबर. पुस्तक शिलाईत मधोमध सुटलेलंच होतं, म्हणून अर्धं तिच्याकडे, अर्धं माझ्याकडे. तिच्या मांडीवर रबराचा काळा चुरा पडायचा आणि तो हातावर गोळा करून खिडकीबाहेर टाकायला ती दर दोन पानांना उठायची.

मी म्हटलं, "एकदाच उठ ना शेवटी. वर गुडघे दुखतात म्हणून रडशील."

"साडी काळी होते हो."

"होऊ दे. कुठे लग्नाला जायचंय?"

खोडत होतो ते अक्षर तिचंच होतं. चौथीचं पुस्तक, आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत प्रत्येक इंग्रजी ओळीखाली तिने मराठीत ती ओळ लिहिलेली. अर्थ नाही, उच्चार. वर इंग्रजी छापलेलं आणि खाली पेन्सिलने 'द फार्मर वेन्ट टू द मार्केट'. अक्षर सुंदर, पण दाबून लिहायची सवय. खोडलं तरी कागदावर वळ राहायचा. तिरपं धरलं की वाचता यायचं. मी म्हटलं, "कागदावर लिहीत होतीस की पाट्यावर टाकी मारत होतीस?" ती पुन्हा रबर घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली नाही. ते पुढे येईल. आधी शाळेचं सांगतो, कारण शाळेशिवाय यातलं काहीच समजणार नाही.

आम्ही मूळचे खेडकडचे. मी डोंबिवलीला आलो ते मानपाड्याजवळच्या रंगाच्या कंपनीत हेल्पर म्हणून, आणि तिथेच म्हातारा झालो. माझं शिक्षण तिसरी, तेही गुरुजींनी मार देऊन ढकललेलं. मराठी पेपर वाचायला कंपनीत शिकलो. बायको चौथी पास. हे तिने मला आख्ख्या संसारात दोनदाच ऐकवलं, पण दोन्ही वेळेस चारचौघांत.

कंपनीत एकदा मी चुकीचा ड्रम उघडला. डावा हात कोपरापर्यंत भाजला, कातडी अजून चकाकते. साहेब आला. हाताकडे नंतर बघितलं, आधी ड्रमकडे बोट दाखवलं. म्हणाला, "लिहिलंय ना इंग्रजीत एवढं मोठं? वाचता येत नाही?" सगळी पाळी उभी होती. त्यातल्या अर्ध्यांना वाचता येत नव्हतं, तरी हसले.

म्हणून नात झाली तेव्हाच मी ठरवलं, हिला सिस्टरांच्या शाळेत घालायचं. चर्चच्या मागे इंग्रजी शाळा आहे, नाव सांगत नाही. पहिली ते चौथी तिथे, आणि त्याच आवारात पुढची मोठी शाळा. बायकोचं म्हणणं, गल्लीच्या तोंडाशी मराठी शाळा आहे, तिथे घालू, मी घरी शिकवीन. मी म्हटलं, "तू चौथी. चौथीवालीने बालवाडीच्या पुढे तोंड घालू नये." मुलगा आणि सून समोर बसलेले. सून खाली बघून हसली. विषय संपला.

आणि शाळा चांगली होती. खोटं बोलणार नाही. चांगली होती म्हणूनच तर आम्ही फसलो. फरशी अशी की जेवायला बसावं. संडासाला दारं आणि दारांना कड्या. सोमवारी नखं बघायची, शुक्रवारी बूट. पोरं रांगेत, तोंडावर बोट ठेवून, साठ पोरांचा वर्ग आणि टाचणी पडली तर ऐकू येईल. आमची नात घरी आली तरी काही विचारलं की आधी तोंडावर बोट ठेवायची. मला त्याचा अभिमान वाटायचा. चार रेघांच्या वहीत अक्षर असं काढायची की छापल्यासारखं. प्रत्येक पानावर लाल टिक, आणि बाईंचा एक शिक्का होता, हसऱ्या तोंडाचा. चार वर्षांत मी त्या शिक्क्याची शंभर तोंडं बघितली असतील. पालकांना पेपर दाखवायच्या दिवशी बाई सुनेला सांगायच्या, व्हेरी गुड गर्ल, व्हेरी नीट. सून घरी येऊन तेवढंच सांगायची. आम्हाला तेवढंच पुरायचं.

पण अभ्यास घेणार कोण? मुलगा ठाण्याला टेंभी नाक्यावर कपड्याच्या दुकानात, सून पॅकिंगच्या कंपनीत. दोघं सकाळी बाहेर पडायची ती रात्री जेवणाच्या वेळेला परत. अभ्यास आला आजीच्या गळ्यात. पहिलीत पोरगी घरी आली आणि म्हणाली, आजी, तीन नंबरचं पान वाचून यायला सांगितलंय. आजीला इंग्रजीचं एक अक्षर ओळखता येत नव्हतं. पण पोरीचे कान पक्के. वर्गात बाईंनी वाचलेलं तिला तसंच्या तसं म्हणता यायचं. तिने म्हटलं, आजीने विसरू नये म्हणून ओळीखाली लिहून घेतलं. झालं. तिथून सुरू झालं.

मराठी बाराखडी आजीने नातीला आधीच शिकवून ठेवलेली, दोन महिन्यांत, तांदूळ निवडता निवडता. त्यामुळे पोरगी रोज संध्याकाळी पुस्तक उघडायची, वरच्या ओळीवर बोट ठेवायची आणि खालची ओळ वाचायची. आजी ऐकायची आणि तीही खालचीच ओळ बघायची. दोघी खुश. शाळेत दुसऱ्या दिवशी पोरगी तेच तोंडपाठ म्हणायची. बाई खुश. प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहून मिळायची, ती उतरवायची, ती पाठ करायची, परीक्षेत तीच यायची. मी खुश. शेजारच्या माणसाला मी पोरीला उभं करून धडा म्हणून दाखवायला लावायचो. त्याचा नातू मराठी शाळेत. मी म्हणायचो, "तुझ्याला बोलायला सांग बघू एक वाक्य." तो माणूस हल्ली माझ्याशी बोलत नाही.

चौथीच्या शेवटाला वर्गाच्या बाई आजारी पडल्या आणि दोन दिवस मोठ्या सिस्टरने वर्ग घेतला. तिने कपाटातून दुसरं पुस्तक काढलं, पोरांनी कधी न बघितलेलं, आणि एकेकाला वाचायला उभं केलं. तिसऱ्या दिवशी आम्हाला बोलावणं आलं. मुलाला सुट्टी नाही, सुनेला सुट्टी नाही. आम्ही दोघं गेलो. बायकोने ठेवणीतली साडी नेसलेली. तिला वाटलं, बक्षीस आहे.

सिस्टर वसईकडची, मराठी आमच्यापेक्षा साफ. तिने पोरीपुढे ते नवं पुस्तक ठेवलं. पोरगी गप्प. बोट ओळीवर, डोळे ओळीच्या खाली. खाली पांढरं. सिस्टरने मग पोरीचं स्वतःचं पुस्तक मागितलं आणि उघडलं. बराच वेळ पानं उलटत होती.

"हे कोणी लिहिलंय?"

बायको म्हणाली, "मी." आवाज असा की आता पाठीवर हात फिरवतील. "चौथी पास आहे मी."

सिस्टरने पुस्तक मिटलं. "आजी, तुम्ही हिला इंग्रजी शिकवलं नाहीत. तुम्ही हिच्यापासून इंग्रजी लपवलंत. चार वर्षं."

आणि मी हसलो. हे मी लिहायलाच पाहिजे. कंपनीतली पाळी हसली तसा हसलो. सिस्टरच्या बाजूने. म्हटलं, "मी सांगत होतो हिला, तोंड घालू नको." बायकोने माझ्याकडे बघितलं आणि पदर खांद्यावरून ओढून घेतला.

सिस्टर मात्र हसली नाही. म्हणाली, "चूक आमचीही आहे. साठ मुलं आहेत. वही नीट असली की बाई पुढे जातात." मग सरळ सांगितलं. पंधरा दिवस शाळा सुटल्यावर अर्धा तास ती स्वतः बसवील. पंधराव्या दिवशी सकाळी आठला तिच्या खोलीत वाचून घेईल. वाचलं तर मोठ्या शाळेत पाचवीत. नाही वाचलं तर दाखला घेऊन जा, कारण पाचवीत आठ विषय इंग्रजीत, पोरगी बुडेल आणि तिला बुडताना बघायची सिस्टरची इच्छा नाही. "आणि या पुस्तकातलं सगळं खोडून आणा. एक ओळ राहता कामा नये."

घरी येताना रस्त्यात मी बायकोला काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. एक आठवतं. मी म्हटलं, "माझा हात ड्रमाने भाजला. पोरीचं तोंड तू भाजलंस." ते मला तेव्हा फार हुशारीचं वाटलेलं. मुलाला पण रात्री जेवताना सांगितलं.

पुढचे पंधरा दिवस ती रोज पोरीला आणायला जायची आणि सिस्टरच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहायची. आतलं ऐकायची. कुठल्या अक्षराचा आवाज काय, ते. घरी आल्यावर पोरीला पाटीवर तसंच करायला लावायची. पेन्सिल हातात धरायची नाही, नुसतं बोट. पोरीचं अडलं की पोरगी सवयीने ओळीखाली बघायची, की आजी तिची हनुवटी धरून वर करायची. "वर. वर बघ. खाली कोणी नाही."

त्या नादात तिला स्वतःलाच दोन-चार शब्द यायला लागलेले. माझ्या डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलेलो, तिथे काचेच्या दारावर काहीतरी लिहिलेलं. ती उभी राहिली. मागे लोक खोळंबले. ओठ हलवत हलवत म्हणाली, "पुश." आणि दार ढकललं. वळून माझ्याकडे बघितलं, तोंडभर हसत.

मी म्हटलं, "ते दार ढकलूनच उघडतं. वाचून नाही. चल आत."

आता हेच सगळ्यात जास्त आठवतं. माणूस मेल्यावर त्याच्याशी भांडलेलं नाही आठवत एवढं. त्याचं हसू आपण कुठे कुठे पुसलं ते आठवतं, एकेक जागा.

पुस्तक खोडायचं मात्र ती टाळत होती. आज नको, उद्या. म्हणायची, "शेवटच्या दिवशी खोडू. तोवर आधार असू दे." मी म्हटलं, "कोणाला आधार?" चौदा दिवस गेले. त्या संध्याकाळी मी दुकानातून दोन खोडरबर आणले आणि पुस्तक तिच्यापुढे टाकलं. "तू लिहिलंस, तू खोड. मी मदत करतो, उपकार समज."

तासभर खोडलं असेल. शेवटची चार पानं राहिली तेव्हा तिने रबर खाली ठेवला. डावा हात चोळत होती.

"हात भरून आलाय हो. उरलेलं सकाळी खोडते. निघायच्या आधी."

मी म्हटलं, "चार वर्षं लिहिताना भरून आला नाही. खोडताना बरा भरून आला."

ती उठली, मांडीवरचा चुरा खिडकीबाहेर टाकला आणि भात लावायला गेली. खोडत तर ती उजव्या हाताने होती. चोळत होती डावा. माझ्या ध्यानात आलं नाही. डॉक्टरने सकाळी विचारलं, काल काही दुखत होतं का, तेव्हा आलं.

सकाळी पाचला मी चहासाठी हाक मारली. दोनदा मारली, तिसऱ्यांदा ओरडलो. मग हात लावला.

खालच्या दवाखान्यातला डॉक्टर आला आणि कागद लिहून गेला. मुलाने खेडला मामाला फोन लावला. बाई अहेव गेली, माहेरची हिरवी साडी अंगावर पडल्याशिवाय न्यायची नाही. भाऊ निघतो म्हणाला, पण पोचायला दुपार. म्हणजे दुपारपर्यंत काही करायचं नव्हतं. बायका जमल्या, तिला मधल्या खोलीत निजवलं, दिवा लावला. सून रडत होती. नात दाराच्या चौकटीला चिकटून उभी, अंगावर झोपायचा फ्रॉक, तोंडावर बोट.

साडेसहा वाजले. मी नातीचं दप्तर उघडलं, पुस्तक काढलं, रबर घेतला आणि बायकोच्या पायांपाशी खाली बसून शेवटची चार पानं खोडायला घेतली.

मुलगा म्हणाला, "बाबा, काय करताय?"

"दिसत नाही? खोडतोय."

शेजारची एक बाई दुसरीला म्हणाली, "मनाला लागलंय म्हाताऱ्याच्या." दुसरी म्हणाली, "आता लागून काय उपयोग? जिवंतपणी तिला तोडून टाकलेलं ह्याने बोलून बोलून." मी ऐकलं. खरं होतं. पण चार पानं उरली होती. त्या पानांवर तिने जास्तच दाबून लिहिलेलं. एका ओळीला तर कागद फाटेस्तोवर घासलं.

मग नातीला म्हटलं, "युनिफॉर्म घाल."

सून किंचाळली. "अहो, आई अजून घरात आहेत! सुतक लागलंय पोरीला!"

"सिस्टरला सुतक नसतं."

"फोन करून सांगू. दुसरा दिवस देतील."

"आणि नाही दिला तर? आज पंधरावा दिवस आहे. हिची आजी काल म्हणाली, सकाळी निघायचंय. निघायचंय."

मुलगा आडवा आला. त्याच्या अंगावर मी आयुष्यात हात टाकला नव्हता, तेव्हाही टाकला नाही, नुसता बाजूला केला. सून वेण्या घालेना. पोरीने आपल्या आपणच घातल्या, एक वर एक खाली. जिन्यावर तिला रडू फुटलं. मी म्हटलं, "रड. गेटपर्यंत रडून घे. गेटच्या आत डोळे पुसायचे. पाण्यातून अक्षर दिसत नाही." गेटपाशी तिने बाहीने डोळे पुसले. नऊ वर्षांच्या पोरीला मी हे सांगितलं आणि तिने ऐकलं.

सिस्टर खोलीत एकटीच होती. म्हणाली, "आजी नाही आल्या?"

"नाही."

पोरीने माझ्याकडे बघितलं. मी पुस्तक पुढे केलं. "सगळं खोडलंय, सिस्टर. एक ओळ ठेवली नाही."

सिस्टरने हात पुढे केला नाही. "ते नको. ते तर हिला पाठ आहे." आणि कपाटातून दुसरंच एक पातळ पुस्तक काढून पोरीपुढे ठेवलं.

पोरीने बोट ठेवलं. पहिल्या शब्दाला एवढा वेळ गेला की मला बाहेर जावंसं वाटलं. मग एकेक अक्षराचा आवाज सुटा काढून, मग जोडून, तो शब्द आला. मग दुसरा. एका जागी अडली. डोळे खाली जायला लागले आणि तिने स्वतःच स्वतःची हनुवटी बोटाने वर केली. मी खिडकीकडे बघितलं. सात-आठ ओळी झाल्या. दोन शब्द चुकले, एक तिने मागे जाऊन सुधारला.

"हळू आहे," सिस्टर म्हणाली, "पण वाचते. आता खरं वाचते. जूनमध्ये पाचवीत पाठवा." मग पोरीच्या वाकड्या वेण्यांकडे बघून म्हणाली, "आजींना सांगा. पंधरा दिवस त्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना सांगा, मी बोलवलंय."

"सांगतो."

चालत परत आलो. दारात एवढ्या चपला की माझी काढायला जागा नाही. मी नातीला म्हटलं, "जा आत. आजीला सांग, पास झालीस."

ती म्हणाली, "तुम्ही सांगा, आबा. सिस्टरला तुम्ही म्हणालात सांगतो."

चारचौघांत मी बायकोशी कधी चांगलं बोललेलो नाही. बायका बाजूला सरकल्या. मी तिच्या डोक्यापाशी उभा राहिलो. पुस्तक हातात तसंच. उभ्यानेच मोठ्याने म्हटलं, "पोरगी पास झाली. पुस्तक सिस्टरने उघडूनसुद्धा बघितलं नाही."